धुक्यात शेवटी हरवणारा रंग

गनेट बेट
७ मार्च

लायल,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मरायला आपल्या घरात आता आहे कोण, मी आणि मांजर. दोघी ठणठणीत आहोत.

तुझा पत्ता बाबांच्या मातीला आलेल्या फुलांवरून काढला. तू आला नाहीस, फुलं आली, आणि त्यांच्या पुठ्ठ्यावर नेब्रास्कातल्या त्या तुझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानाचं नाव-पत्ता होता. तेवढा तुकडा मी कापून डब्यात टाकला. रागानेच टाकला, पण टाकला. फोन तू उचलत नाहीस हे तीन वर्षांत कळलंय, म्हणून ही कागदावरची खरड.

आता कामाचं. तुझे रंग एका मुलीला हवेत.

शेवंडवाल्यांच्या सोसायटीची रीत तू विसरला नसशील, सापळ्याच्या दोरीवर तरंगणाऱ्या बोयाचे रंग ज्याचे त्याचे. बेट सोडून गेलेल्याच्या बोयाचे रंग त्याने स्वतः सोडल्याशिवाय दुसऱ्याने घ्यायचे नाहीत, मग तो परत येवो न येवो. तुझा पिवळा बोया अजून धक्क्यावरच्या शेडच्या भिंतीवर आहे. बाबा होते तोवर दर एप्रिलमध्ये खाली उतरवून नव्याने रंगवायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, उन्हाने रंग उडतो. त्यांच्यामागे कुणी हात लावला नाही, त्यामुळे तो मुळात पिवळा होता हे आता सांगून पटवावं लागतं.

मुलगी म्हणजे रोवेना, शेजारच्या ओटिसकाकांची नात. तू गेलास तेव्हा पाळण्यात होती. आई पलीकडे मुख्य भूमीवर इस्पितळात नोकरीला, पोर आजोबांच्या हाताखाली वाढली. आठव्या वर्षापासून समुद्रातून शेवंडांचे सापळे ओढतेय. विद्यार्थ्यांचा परवाना आहे तिचा. अठरा पुरे व्हायच्या आत तो पक्का केला नाही तर मग रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत माणसाचे केस पिकतात.

मी यात कुठे आले? तू गेल्यावर मी शाळेत लागले. अकरावीच्या पोरांना ‘बारावी झाली की पुढे काय’ हे विचारत बसायची नोकरी. हसू नकोस. लहानपणी तू मला चौकशीखातं म्हणायचास, तर आता त्याच खात्याचा पगार मिळतो. यंदा अकरावीत सात जण आहेत. एकाला मयतांची तयारी करून देणारा व्हायचंय, त्या धंद्यात मंदी नसते म्हणतो. एकीला मधमाश्या पाळायच्यात आणि तिला मध आवडत नाही. मला यातलं कुणाचंच काही आधी सुचलं नसतं, म्हणून ही नोकरी मला सोडवत नाही.

रोवेनाचं मात्र तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. राहणार, समुद्रावर जाणार, संपलं. आणि गणितात कशी आहे म्हणशील तर सरांचं उत्तर चुकलं की सर तिच्याकडे बघतात.

आता तिने तुझेच रंग का निवडले ते ऐक. सगळ्या सोसायटीचे रंग तिने जुन्या बोयांवर रंगवले, दोरीला बांधून बंदरात सोडले, आणि धुकं पडेल त्या त्या दिवशी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. कोणता आधी दिसेनासा होतो, कोणता नंतर. पांढरा पहिल्या झटक्यात गेला. हिरवा त्याच्यामागे. निळा टिकेल अशी सगळ्यांची समजूत, तोही नाही. सगळ्यात शेवटी हरवला तो पिवळ्यावर काळा पट्टा. हे सगळं तिने कुणी न सांगता केलं. तू तेव्हा म्हणाला होतास की गांधीलमाशी आवडते म्हणून हे रंग घेतले. तुझं नशीब जोरावर होतं म्हणायचं.

तर विचारायचं काम मी केलं. पण तू माझा भाऊ आहेस म्हणून सांगते, तू नाही म्हणालास तर मला चालेल. ज्या मुलीला असे प्रश्न पडतात तिने कॉलेजात जावं. दर वर्षीसारखं मेच्या पहिल्या शनिवारी अकरावीतले जे राहणार ते आपला बोया भिंतीवर टांगतील, जे जाणार ते खिशात हात घालून बघत राहतील, आणि नंतर सगळे बीन्स आणि तपकिरी पाव खातील. एकदा टांगला की मग त्या मुलीला कुणी काही विचारणार नाही. मीसुद्धा नाही.

तुमच्याकडे अकरावीची पोरं काय करतात रे? मक्याची शेतं समुद्रासारखी दिसतात म्हणतात, ते खरं का?

प्रिसिला

*

गनेट बेट
२९ मार्च

लायल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे धान्याच्या कोठाराचं चित्र, मागे अडीच ओळी. ‘नाही. तिला विचार, सगळं धक्क्यावरूनच का केलं? होडीतून का नाही?’ खाली सही पण नाही. सोळा वर्षांनी बहिणीला लिहितोस आणि शाई जपून वापरतोस.

‘नाही’ वाचून आधी मला बरं वाटलं. मग राग आला. मग मी खुळ्यासारखी टेबलाशी बसून विचार करत राहिले की रंग सोडत नाही म्हणजे याला परत यायचंय की काय. तसं असेल तर सांग. नसेल तरी सांग. मला नुसतं कळायला हवंय.

निरोप मी तिला पोचवला. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या खोलीत डबा खायला येते, तशी आली होती. नाही म्हणाला म्हटल्यावर तिने मान हलवली, जणू तिला तेच वाटलं होतं. मग मी तुझा प्रश्न वाचून दाखवला. तिचा घास हातातच राहिला.

“असं विचारलं त्यांनी? याच शब्दांत?”

“याच. लहानपणापासून खोड आहे, कुणाचंही काम बघितलं की चूक काढायची.”

“चूक नाही काढली त्यांनी,” ती म्हणाली. मग पावाच्या कडा तोडत बसली. “बाई, त्यांचा पत्ता मिळेल?”

मी दिला. द्यायला नको होता का? मला वाटलं, होडीतून मोजताना होडी हलते, धक्का हलत नाही, एवढं साधं उत्तर आहे, ते ती तुला लिहील आणि तुझं तोंड बंद होईल.

त्याच आठवड्यात ओटिसकाका शाळेत आले. गमबूट काढले नाहीत, आमिषाच्या हेरिंग माशांचा वास खोलीभर. मी रोवेनाला कॉलेजची पुस्तकं घरी दिली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

“प्रिसिला, तू पोरांना फेरीबोटीत बसवून द्यायचा पगार घेतेस.”

“आणि तुम्ही त्यांना खाली उतरवायचं काम फुकट करता.”

“माझी नात सापळा कसा ओढते ते बघितलंयस कधी?”

“तुम्ही तिची वही बघितलीय कधी?”

“वहीत शेवंडं सापडत नाहीत,” म्हणाले, आणि गेले. पुस्तकांवर माशाचे खवले राहिले होते. आमचं भांडण असंच चालतं, सणावाराला एकमेकांकडे जेवतोही. पण या वेळी म्हातारा नेहमीपेक्षा जास्त चिडलेला वाटला. का ते मला कळलं नाही, आणि मला न कळलेलं पचत नाही हे तू जाणतोस.

प्रिसिला

*

गनेट बेट
२० एप्रिल

लायल,

मला अडीच ओळी आणि तिला चार पानं.

हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. पाकीट पोस्टात मीच बघितलं, तुझं अक्षर ओळखलं, ते तिच्या नावाचं होतं आणि जाड होतं. दोन दिवस मी तिला काही विचारलं नाही. माझ्यासारखीने दोन दिवस काही विचारलं नाही, याची किंमत कर.

तिसऱ्या दिवशी तीच आली, दार लावून घेतलं, आणि म्हणाली, “पत्र दाखवणार नाही, बाई. ते माझं आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली तर चालेल असं त्यांनी लिहिलंय. त्यांना बोट लागायची.”

मी हसलेच. म्हटलं, “अगं, चार पिढ्यांचा शेवंडवाला, त्याला कशी बोट लागेल?”

“चार पिढ्यांची मीपण आहे,” ती म्हणाली. “मलापण लागते.”

लायल, मग ती बोलत राहिली. रोज सकाळी बंदर सोडलं की सुरू होतं. लाटा असल्या तरी किनारा दिसतो तोवर ती कसंबसं निभावते, कारण डोळे एका जागी रोवून ठेवता येतात. धुकं पडलं की किनारा जातो, आभाळ आणि पाणी एक होतं, आणि मग पोटात काही ठरत नाही. तेव्हा नजर लावायला एखादा बोया लागतो. जो सगळ्यात उशिरा हरवेल तो. म्हणून ती धक्क्यावर बसून रंग मोजत होती. होडीतून मोजता आले असते तर मोजायची गरजच नव्हती.

मला तिच्यात शास्त्रज्ञ दिसत होती. तुला मात्र नेब्रास्कात बसून, माझ्या एका ओळीवरून, पोरगी ओकतेय हे कळलं. मग मी तुझे रंग आठवले. पिवळ्यावर काळा. गांधीलमाशी कसली डोंबलाची. तूही सतराव्या वर्षी धुक्यात बसून तेच मोजलं होतंस ना?

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जुनं सगळं उलटंपालटं होतंय. तुझ्या खिशात कायम आल्याची बिस्किटं असायची, मी त्यावरून तुला म्हातारी म्हणायचे. तू न्याहारी न करता निघायचास, आई म्हणायची वय आहे. आमिष भरायचं सगळ्यात घाण काम तू आपणहून घ्यायचास, मागच्या बाजूला, सगळ्यांकडे पाठ करून. सगळे म्हणायचे काय कष्टाळू पोर आहे. असा तू, आणि तू बोया टांगलास तेव्हा अख्खं बेट टाळ्या वाजवत होतं. मीही. मी तर शिट्टी वाजवली होती.

हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे, म्हणून तिला विचारलं की मग लायलने बोया कशासाठी टांगला, हे लिहिलंय का. म्हणाली, लिहिलंय. ‘राहणार का, असं मला कुणी विचारलं नाही. सगळे नुसते हसऱ्या तोंडाने वाट बघत होते.’ आणि तिने तुला विचारलं होतं की दोन-तीन वर्षांत हे जातं म्हणतात, जातं का? त्यावर तू लिहिलंस, काहींचं जातं, माझं गेलं नाही, आणि जाईल जाईल म्हणत मी चार हंगाम काढले. रंग का देत नाही तेही. ‘एकदा तो बोया खोटा टांगला गेलाय. पुन्हा नको.’

मी तिला वचन दिलंय की ओटिसकाकांना सांगणार नाही. सांगितलं नाही. पण तुझ्याबद्दल विचारायला तरी गेलेच. ते सापळ्यांच्या जाळ्या विणत बसले होते. म्हटलं, काका, लायलला बोट लागायची हे तुम्हाला माहीत होतं?

त्यांनी गाठ मारून दोरा ओढला. मग म्हणाले, “माझी होडी तुमच्या शेजारी असायची. पोरगा मागे वाकून ओकायचा, आणि तुझा बाप सुकाणू धरून सरळ पुढे बघत उभा राहायचा. रोज.”

“म्हणजे बाबांना माहीत होतं?”

“वळून बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.”

एवढं बोलून त्यांनी जाळी उचलली आणि उजेडात धरून बघू लागले. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, लायल, आणि मला वाटलं की हा माणूस बाबांबद्दल बोलत नाहीये.

प्रिसिला

*

२५ एप्रिल

लायल,

आणखी एक गोष्ट तिने काल सांगितली. सांगावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

बाबांच्या मातीला तू आला होतास. पलीकडच्या बंदरापर्यंत आला होतास. फेरीबोट सुटताना बघितलीस आणि तिथूनच परत फिरलास, आणि फुलं तिथल्या दुकानातून नेब्रास्काचा पत्ता लावून पाठवलीस. सव्वा तास ओकत, सगळ्या बेटासमोर, बापाच्या मातीला उतरायचं तुझ्याने झालं नाही.

तीन वर्षं मी तुला मनात काय काय म्हणत होते ते आता लिहीत नाही. मला रडू आलं. एवढंच.

प्रि.

*

गनेट बेट
८ मे

लायल,

शनिवार झाला. सगळं सांगते, मधे काही विचारू नकोस, विचारायचं काम माझं.

धुकं होतं, अर्थात. शेडसमोर माणसं जमली होती, बीन्सची भांडी आत चुलीवर. मधमाशीवाली खिशात हात घालून उभी, मयतवाला तर नवा कोट घालून आला होता. दोघा मुलांनी बोये टांगले, टाळ्या झाल्या. मग रोवेना आली. तिच्या काखेत बोया होता, आणि तो पिवळा होता, वर काळा पट्टा, रंग अजून ओला.

ओटिसकाकांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांना वाटलं तू रंग सोडलेस. सगळ्यांनाच वाटलं. टाळ्या सुरूही झाल्या. ती भिंतीपाशी गेली, तुझ्याच खिळ्यावर तो बोया अडकवला, आणि वळली.

“हा माझा नाही,” म्हणाली. “लायलचाच आहे. उडाला होता, म्हणून रंगवला. मी टांगणार नाही.”

टाळ्या कुठे थांबल्या ते कळलं नाही. ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज मोठा नव्हता, पण धुक्यात सगळं ऐकू येतं.

“आजोबा, मला बोट लागते.”

ओटिसकाकांनी टोपी काढली, परत घातली. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू आली नसतीस,” म्हणाले. मग खाली बघत, “मला तू हवी होतीस होडीत.”

रोवेनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. शेवटी चुलीजवळून कुणीतरी म्हणालं की बीन्स करपतायत, आणि एवढ्या माणसांना एकदम भूक लागली. आजोबा-नात एका बाकावर बसले. मी समोरच होते, म्हणजे मुद्दाम जाऊन बसले.

मग आजोबांनी विचारलं, “बरं. मग काय करणार?”

“माहीत नाही.”

“मग त्या प्रिसिलाला विचार,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “पगार घेते ती.”

सोमवारी दोघं आले. या वेळी गमबूट दाराबाहेर काढून. आम्ही तिघांनी मिळून शोधायला सुरुवात केली, आणि लायल, जगात काय काय कामं असतात. धुक्यात माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा अभ्यास करणारी माणसं आहेत. बंदरातले दिवे, खुणेचे बोये, विमानतळाच्या पट्ट्या, हे सगळं कोण ठरवतं असं कधी तुझ्या मनात आलं होतं? माझ्या नव्हतं आलं. त्यांना त्याचा पगार मिळतो, आणि ती सगळी हे काम जमिनीवर बसून करतात. ओटिसकाका म्हणाले, त्यांना शेवंडांतलं काय कळतं. रोवेना म्हणाली, रंगांतलंही फार कळत नाही, त्यांचा निळा चुकलाय. पक्कं काहीच नाही. परवाना जाणार, त्याचं तिला वाईट वाटतंय, आणि वाटणारच. तिच्या नावापुढे मी ‘ठरलेलं नाही’ असं लिहिलं. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा लिहिलं आणि कुणी माझ्यावर रागावलं नाही.

जुलैत तिला तुमच्याकडे यायचंय. काम करीन म्हणते. जिथे काहीच हलत नाही अशी जागा कशी असते ते बघायचंय तिला. मलाही बघायचीय, पण मला कुणी बोलावलं नाही.

आता शेवटचं. काल मी काही काम नसताना फेरीबोटीने पलीकडे गेले आणि पुढच्याच बोटीने परत आले. येताना बोटीच्या पुढच्या टोकाला उभी राहिले. धुकं तसंच होतं. बेट नाही, धक्का नाही, चर्चचा मनोरा नाही. मग सगळ्यात आधी, एकटा, शेडच्या भिंतीवरचा तुझा बोया दिसला. बाबा तो दर वर्षी कशासाठी रंगवत होते ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

तुझे रंग मी कुणाला दिलेले नाहीत. रंगाचा डबा ओटिसकाकांच्या शेडमध्ये आहे, पुढच्या एप्रिलला मी रंगवीन.

सव्वा तास आहे. मागे बसू नकोस, पुढे ये, आणि तो दिसला की नजर त्याच्यावर ठेव. तरी ओकलास तर ओक. मी धक्क्यावर उभी असेन, आणि दुसरीकडे बघणार नाही.

तुझी
प्रिसिला